सासऱ्यांच्या डब्यातलं ठिपक्यांचं नाणं

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी महालातून लिहून राहिली. माझे सासरे रेल्वेत होते आणि त्यांना नाण्यांचा भारी नाद, ते गेल्यावर माळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला त्यात भोसल्यांचे पैसे, राणीछाप, भोकाचा पैसा सगळं एकत्र कोंबलेलं. त्यातच एक जाडजूड तांब्याचं निघालं, दोन्हीकडून घासून गुळगुळीत, ना राजा ना राणी. एका बाजूला बारीक बारीक ठिपक्यांनी काढलेलं हार्ट आणि त्याच्यावर पाखरू, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत जे. डब्ल्यू. आणि एम. डब्ल्यू., खाली १८३२ आणि त्याच्या खाली १४ वायआरएस, म्हणजे १४ वर्षं. मुलगा म्हणते हे काळ्या पाण्याच्या कैद्याचं आहे, त्याने नेटवर पाहिलं, लाखात जाते म्हणे. मोठ्या जाऊबाई म्हणतात कोणाची तरी १४ वर्षांची पोर गेली असेल, तिच्या नावाचं आहे, असलं घरात ठेवू नये. इतवारीत सराफाकडे तोलून पाहिलं, २५ ग्रॅमच्या थोडं वर भरलं, रुंदी साडेतीन सेंटीमीटर. हे आहे तरी काय, ठेवू की नको? आणि फार काळं पडलं आहे, चिंच लावून घासू का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही, ओल्या फडक्यानेही पुसू नका. दिवाळीच्या भांड्यांसोबत हे एकदा जर घंगाळात पडलं ना तर मग मला पत्र लिहायची गरजच उरणार नाही कारण ठिपक्यांच्या आत जो काळपट थर बसलाय तोच याचा पुरावा आहे. आता जुनं झिजकं नाणं घेऊन त्याच्यावर नवीन कोरून विकणारेही आहेत, पण नवीन कोरलेल्या खड्ड्यात तांबं लालसर चमकतं, जुन्यात खड्डा आणि बाजूचा सपाट भाग एकाच रंगाचा असतो आणि अक्षरांच्या कडा बोटाला टोचत नाहीत. तुमच्या फोटोत तरी तसंच दिसतंय. मुलाला म्हणा भिंग घेऊन पुन्हा एकदा नीट पाह्य.

आता वजनावर येऊ. १७९७ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदाराने वाफेच्या यंत्रावर तांब्याची पेनी पाडली, तिसऱ्या जॉर्ज राजाची. बरोबर एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमच्या किंचित वर, ३६ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. तिची कड रुंद आणि उचललेली होती म्हणून लोक तिला गाडीचं चाक म्हणायचे, आणि वजन इतकं नेमकं की दुकानदार तराजूत वजनं म्हणून वापरायचे. दोन पेनीचं तर त्याच्याही दुप्पट, खिशात चार ठेवले की चड्डी खाली. तुमच्या नाण्याचं २५ च्या वर वजन आणि साडेतीन सेंटीमीटर रुंदी, म्हणजे दोन्हीकडचं घासून तीनेक ग्रॅम तांबं गेलं असं धरलं तर हिशोब अगदी जुळतो. ही पेनी घासायला सगळ्यात सोयीची, जाड, मोठी, तांबं मऊ आणि कड उचललेली असल्याने मधे लिहायला पाटीसारखी जागा. म्हणून अशी कोरीव नाणी जी सापडतात त्यातली कितीतरी याच पेनीवरची असतात.

मुलगा अर्धा बरोबर आहे. कैद्याचं असू शकतं पण अंदमानच्या नाही. १८३२ साली अंदमानात कैद्यांची वसाहतच नव्हती, ती १८५८ मध्ये सुरू झाली, ५७ चं बंड झाल्यावर. हे काळं पाणी दुसरं, इंग्रजांचं स्वतःचं. ते आपले गुन्हेगार आधी अमेरिकेला पाठवायचे, तिकडे १७७५ ला लढाई पेटली आणि तो रस्ता बंद झाला, मग तुरुंग तुंबले, नदीत जुनी जहाजं उभी करून त्याच्यात माणसं कोंबली आणि शेवटी ११ जहाजांचा पहिला ताफा १७८८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला पोचला. तिथून १८६८ पर्यंत साधारण १ लाख ६२ हजार माणसं, बाया धरून, तिकडे नेऊन टाकली. गुन्हे बहुतेक चोरीचे, कोणी कापड, कोणी भांडं, कोणी मेंढी. शिक्षा ठरलेल्या मापाच्या असायच्या, ७ वर्षं, १४ वर्षं किंवा जन्मभर.

आता तुमचं १४ पुन्हा वाचा. वय लिहायचं असलं तर ते लोक त्याच्या आधी एजेड, म्हणजे वय, असा शब्द टाकायचे, तुमच्याकडे नुसतं १४ वर्षं आहे, आणि १४ हा शिक्षेचा आकडा आहे. म्हणून जाऊबाईंना सांगा कोणाची पोर गेली नाही. माझा अंदाज असा की जे. डब्ल्यू. ला १४ वर्षं झाली आणि एम. डब्ल्यू. मागे राहिली, आडनावाचं अक्षर एकच आहे म्हणजे बायको असेल, बहीण असेल, आईही असेल. ज्याला शिक्षा झाली त्याने जहाजात चढायच्या आधी तुरुंगात बसून पेनी फरशीवर घासली किंवा घासून घेतली, ओळखीच्या हातून कोरून घेतली आणि भेटायला आलेल्या माणसाच्या हातात दिली. १४ वर्षांची शिक्षा म्हटलं तरी परत यायचं भाडं सरकार देत नव्हतं, त्यामुळे ७ वाला काय नि १४ वाला काय, बहुतेक जण तिकडचेच झाले. घरच्यांनाही ते माहीत असायचं.

याला ते लोक लव्ह टोकन म्हणतात, म्हणजे प्रेमाची आठवण. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला नॅशनल म्युझियममध्ये अशी ३०० च्या वर आहेत, २००८ साली एकगठ्ठा घेतलेली, १७६२ पासून १८५६ पर्यंतची. चित्रं ठराविकच, हार्ट, कबुतरं, जहाज, जहाजाचा नांगर, बेड्या घातलेला माणूस, हातात हात. मजकूरही एकमेकांचा उचललेला, हे पाहशील तेव्हा मला आठव, मी दूर असेन वगैरे, आपल्या उखाण्यांसारखं, यमक तयार असतं फक्त नाव बदलायचं. त्यात मला सगळ्यात आवडतं ते १८३३ चं, थॉमस अल्सॉप नावाच्या २१ वर्षांच्या पोराचं. एक मेंढी चोरली म्हणून गेला. त्याने लिहिलंय की गुलाब कोमेजतो, काटेरी झुडूपही सुकतं, पण तुझ्यावरचं माझं मन काही सुकायचं नाही. स्पेलिंग चुकलंय त्यात एक, पण गोष्ट काय सांगू, चुकलेलं आहे म्हणूनच खरं वाटतं.

आता ठिपक्यांचं. हे मला जरा जास्तच कळतं कारण आमचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं आणि लहानपणी सुट्टीत माझं काम काय तर भांड्यावर नाव टाकणं. मशीन नंतर आली, त्याआधी छिन्नी आणि छोटी हातोडी, टक टक टक करत ठिपक्याला ठिपका लावून पूर्ण नाव उठवायचं, लग्नसराईत एका दिवसात पन्नास पन्नास ताटं. बाबा सांगायचे रेघ ओढायला हात पाहिजे, ठिपका पाडायला फक्त सबुरी पाहिजे. या नाण्यांवरही दोन प्रकार दिसतात, काहींवर सफाईदार रेघेचं काम असतं, तो कोरणारा हाडाचा कारागीर, बहुतेक खोटी नाणी पाडताना नाहीतर नक्षीकाम करताना आत आलेला, आणि काहींवर खिळ्याने नाहीतर सुईने टोचलेले ठिपके. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. ओळ उजवीकडे खाली उतरत गेलीय आणि ८ चा वरचा गोल लहान झालाय, म्हणजे जागा मोजून न घेता सुरुवात केली. मीही पहिल्या दिवशी एका गंगाळावर असंच केलं होतं, आडनाव कडेवरून खाली गेलं, बाबांनी गंगाळ घरी आणलं आणि आम्ही वीस वर्षं त्याच्यात आंघोळीचं पाणी काढलं.

कारागिरांवरून आठवलं, पहिल्या ताफ्यात थॉमस बॅरेट म्हणून एक कैदी होता. जहाज रिओ दि जानेरोला थांबलं तर या बाप्पाने जहाजावर कैदेत असून पट्ट्याची बकलं आणि पेवटरचे, म्हणजे कथलाच्या मिश्र धातूचे, चमचे वितळवून खोटी नाणी पाडली, किनाऱ्यावरून येणाऱ्या फेरीवाल्यांना खपवायला. पकडला गेला, पण जहाजावरचा डॉक्टर जॉन व्हाइट इतका खूश झाला की ऑस्ट्रेलियाला पोचल्यावर त्याने याच्याकडूनच चांदीचं एक पदक कोरून घेतलं, एका बाजूला त्यांचं शार्लट जहाज आणि दुसऱ्या बाजूला प्रवासाचा सगळा हिशोब, कधी निघालो कुठे थांबलो. ते पदक २००८ मध्ये तिथल्या एका संग्रहालयाने लिलावात साडेसात लाख डॉलरची बोली लावून घेतलं. आणि बॅरेट? पोचल्यावर महिन्याभरातच खायचं सामान चोरलं म्हणून २७ फेब्रुवारी १७८८ ला फासावर, त्या वसाहतीतला पहिलाच.

पण ताई, या आकड्यावर मुलाला जाऊ देऊ नका. किंमत येते ती पूर्ण नाव असलं की. लंडनच्या जुन्या कोर्टाचे खटले १६७४ पासूनचे नेटवर फुकट वाचायला मिळतात, पूर्ण नाव आणि तारीख असली की तो माणूस कोण, काय चोरलं, किती शिक्षा झाली सगळं निघतं. तुमच्याकडे नुसती दोन दोन अक्षरं, जे. डब्ल्यू. नावाचे किती निघतील विचार करा. आणि परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी पाठवता येणार नाही, १०० वर्षांच्या वरचं नाणं आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, बाहेर पाठवणं गुन्हा. एकदा सिव्हिल लाइन्सला अजब बंगल्यात नेऊन दाखवा, १८६३ चं संग्रहालय आहे, नाण्यांचा संग्रह मोठा आहे त्यांचा. जाताना नुसतं खिशात टाकून नेऊ नका, किल्ल्यांबरोबर खरवडलं जाईल, सुती कापडात गुंडाळून न्या.

नागपुरात कसं आलं म्हणाल तर कामठीची छावणी १८२१ पासूनची, गोरे शिपाई आले गेले, त्यातल्या कोणाचा भाऊ तिकडे गेला असेल आणि हा इकडे आला असेल, कोणीतरी गेल्यावर सामान विकलं गेलं असेल. हा माझा मनचा मांडा आहे, पण सासऱ्यांनी ते भोसल्यांच्या पैशांसोबत नीट जपलं हे तर दिसतंच आहे. ठेवा. जाऊबाईंना चहाला बोलवा आणि १४ चा अर्थ सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, प्रतापनगरला राहतो. या सदरात मागच्या महिन्यात आपण कैद्यांच्या कोरीव नाण्यांचा ओझरता उल्लेख केला तो वाचून एक प्रश्न पडला. इतके भारतीय कैदी समुद्रापार गेले, मग आपल्या लोकांनी घरच्यांसाठी अशी नाणी का कोरली नाहीत? लिहिता येत नव्हतं एवढंच कारण असेल काय?

उत्तर : सर, लिहिता तर त्या इंग्रज चोरांनाही फारसं येत नव्हतं, दुसऱ्याकडून कोरून घ्यायचे. लिहिता न येणं हे कारण अर्धंही नाही. मला वाटतं खरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या पलीकडे आहे, आपल्या माणसांनी कोरलं नाही असं म्हणण्यापेक्षा त्यांच्यावरच कोरलं गेलं असं म्हणावं लागेल.

योगायोग बघा, ज्या १७९७ साली ती जाड पेनी निघाली त्याच १७९७ साली कंपनी सरकारने बंगालमध्ये नियम केला की जन्मभराच्या कैद्याच्या कपाळावर गोदना करायचा. म्हणजे गोंदायचं, गुन्हा आणि शिक्षेची तारीख, कपाळावर, पळाला तर ओळखू यावा म्हणून. मद्रासकडेही हे चालायचं. १८४९ पर्यंत चाललं. लोक पागोटं खाली ओढून झाकायचे. आता आपल्या विदर्भात गोंदण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगायच्या की मेल्यावर दागिने इथेच राहतात, सोबत येतं ते फक्त गोंदण. ज्यांच्या घरात ही समजूत आहे त्या माणसाच्या कपाळावर सरकारने गुन्हा गोंदला म्हणजे कुठपर्यंत त्याच्या मागे लावून दिला ते तुम्हीच ठरवा.

आणि गेले कुठे कुठे, आपल्याला फक्त अंदमान माहीत. त्याच्या कितीतरी आधी सुमात्रातल्या बेनकुलेनला, पेनांगला, १८१५ पासून मॉरिशसला, १८२५ पासून सिंगापूरला. सिंगापूरचं सेंट अँड्र्यू कॅथेड्रल आहे ना पांढरंशुभ्र, फिरायला गेलेले सगळे त्याच्यासमोर फोटो काढतात, ते आपल्या हिंदुस्थानी कैद्यांनी बांधलंय. माझ्या पुतण्याने तिथून फोटो पाठवला होता, मी हे सांगितलं तर म्हणाला काका, टूर गाइड तर बोलला नाही.

अंदमानात मग कपाळाच्या जागी गळा आला. गळ्यात लाकडाचा तुकडा, त्याच्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. सावरकर १९११ च्या जुलैत तिथे पोचले, त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० होतं हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पैशाचंही तेच, वसाहतीपुरतं चालणारं वेगळंच तांब्याचं एक रुपयाचं टोकन सरकारने काढलं होतं, १८६१ साल टाकलेलं, त्यावर व्हिक्टोरिया राणी. म्हणजे गळ्यातला तुकडा सरकारचा, हातातला तुकडाही सरकारचा. आणि द्यायचं कोणाला? इंग्लंडमध्ये जहाज सुटेपर्यंत घरचे तुरुंगाच्या दारात येऊ शकत होते, इकडे माणूस नागपूरकडून जहाजाच्या बंदरापर्यंत पायी किंवा गाडीने नेला जायचा, घरचे येणार कसे. पुढे सेल्युलर जेल झालं, १८९६ ला काम सुरू आणि १९०६ ला पूर्ण, तिथे वर्षाला एक पत्र, तेही वाचून मगच बाहेर.

कोरायचं म्हटलं तर कोरलं आपल्या माणसांनीही, पण भिंतीवर. सावरकर काट्याने, खिळ्याने कोठडीच्या भिंतीवर कविता लिहायचे, पाठ करायचे, आणि भिंतीला चुना लागला की पुसलं गेलं. नाणं निदान खिशातून घरी जातं. भिंत कशी पाठवणार.

तुम्ही शिक्षक म्हणून एक तपशील देऊन ठेवतो, वर्गात नसलं तरी नातवंडांना सांगता येईल. काळ्या पाण्याची शिक्षा कायद्याच्या पुस्तकातून १९५५ च्या दुरुस्तीने निघाली आणि तिच्या जागी जन्मठेप आली. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी तो शब्द पुस्तकात होताच.

प्रश्न : भाऊ, लग्नाला २५ वर्षं होऊन राहिली, बायकोला नाण्यावर नाव कोरून द्यायचं डोक्यात आहे. जुना एक रुपयाचा मोठा शिक्का घरी आहे, त्याच्यावर करू काय? (सक्करदरा)

उत्तर : करू नका हो. चालू नाणं वितळवणं, नष्ट करणं याच्यावर २०११ च्या नाणे कायद्यात बंदी आहे, २५ वर्षांच्या आनंदात कशाला ती भानगड. सराफ्यात चांदीचं कोरं नाणं मिळतं, एका बाजूला लक्ष्मी नाहीतर गणपती आणि दुसरी बाजू मोकळी, त्यावर लेझरने पाच मिनिटात नाव टाकून देतात. मला विचाराल तर लेझर नको, कोणी हाताने करणारा म्हातारा मिळाला तर त्याच्याकडून करा, इतवारीत अजून एकदोघे आहेत, सकाळी अकराच्या आत जा, नंतर त्यांच्याकडे ताटंवाट्यांची रांग लागते.

आणि नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, तोंडी सांगू नका. आमच्या दुकानात एकाने घाईत तोंडी सांगितलं, पोराने ऐकलं तसं टाकलं, आणि पूर्ण ३६ नगाच्या डिनर सेटवर बायकोच्या जागी मेहुणीचं नाव गेलं. तो सेट त्यांनी परत आणला नाही, मेहुणीच्याच लग्नात दिला.